जर्मनीचं स्थळ

मु. पो. ईट, ता. भूम, जि. धाराशिव
सोमवार, दुपार

प्रिय मित्र हाफिज यास,

ईटहून धनाजीचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही पोचावेत. आधी तब्येतीचं कळव. डावा गुडघा दुखायचा थांबला का, आणि एसीच्या तोंडाशी झोपायची सवय सोडलीस का, असं तुझ्या अम्मींनी विचारायला सांगितलंय. इकडं सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. माझे वडील, आपले बिरूतात्या, शहाऐंशी वर्षांचे झाले तरी काठी टेकत माळापर्यंत जातात आणि दुसऱ्याची मेंढरं बघून त्यांना नावं ठेवून परत येतात. धुरपताआक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याकडंच असते आणि तिचा आवाज तुला आठवत असेल तेवढाच आहे. तुझी वहिनी बरी आहे, पण सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचं कारण पुढं येईल.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का केला नाहीस. अरे बाबा, आमच्या घरात फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा असा आक्कानं कायदा केलाय. मागं तू मस्कतहून तुझ्या मूळव्याधीचं मला विश्वासानं सांगितलंस, तेव्हा समोरच्या घरातून औषधाचा पाला आला होता, तो असाच. म्हणून हे पत्र रुकसानावहिनींच्या बॅगेत, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्याखाली घालून पाठवतोय. त्या बुधवारी तुझ्याकडं यायला निघतात, गुरुवारी पत्र तुझ्या हातात पडेल. (कागदाला तेल लागलं असेल तर पुडा फुटला असं समज. पण आधी पत्र वाच, चटणीला मग हात लाव.)

आता मुद्द्याचं लिहितो. तुझी पुतणी, म्हणजे माझी प्रतीक्षा, नर्सिंग शिकली, सोलापूरला दोन वर्षं नोकरी केली, वर्षभर सकाळ-संध्याकाळ जर्मन भाषा घोकली, हे तुला माहीत आहे. आता तिला तीन ठिकाणांहून सांगून आलंय. एक जर्मनी, दुसरं जपान, आणि तिसरं तुझं मस्कत, जे तूच पुढाकार घेऊन जमवलंस (त्याबद्दल आभार मानू की भांडू, हे अजून ठरलेलं नाही). सांगून आलंय असं लिहिलं, कारण मुलगी लांबच्या घरी धाडायची म्हटलं की आमच्या घराला एकच रीत येते, स्थळाची. तिचं मन जर्मनीवर आहे. पण तिनं मला समोर बसवून सांगितलं, "अण्णा, तुमी हो म्हणल्याबिगर मी सही करत न्हाय. फक्त तीस तारखेच्या आत सांगा." अशी आज्ञाधारक मुलगी मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं. ती भांडली असती, आदळआपट केली असती, तर मला कितीतरी सोपं गेलं असतं.

हाफिज, तुला म्हणून सांगतो, मला तिला कुठंच पाठवायचं नाही. एकच लेक आहे. ती सोलापूरला होती तर दर पंधरा दिवसांनी शनिवारच्या गाडीनं यायची आणि मी स्टँडवर अर्धा तास आधी जाऊन उभा राहायचो. एवढंच माझं मागणं आहे, यापेक्षा जास्त काही नाही. पण हे तिला तोंडावर सांगायची छाती होईना. मग मी आपल्याकडचा जुना उपाय काढला. स्थळ तोंडावर नाकारायचं नसलं की काय करतात? चौकशी करतात. एवढी चौकशी करायची, एवढी करायची, की समोरचा कंटाळून दुसरीकडं बघायला लागतो. मी म्हटलं, तीन देशांची रीतसर चौकशी केल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. प्रतीक्षा म्हणाली, करा. तुझ्या वहिनीनं माझा डाव ओळखला, आणि तेव्हापासून ती कामापुरतं बोलते.

स्थळाची चौकशी त्या घरात जाऊन करत नाहीत, त्या गावात आधी दिलेल्या मुलीच्या माहेरी करतात. जर्मनीत दिलेलं आपल्या ओळखीतलं जवळचं घर म्हणजे उमरग्याचे कल्याणप्पा. त्यांचा मुलगा तिकडं इंजिनियर आहे आणि ते स्वतः तीन महिने राहून आलेत. मी सकाळच्या गाडीनं निघालो. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस प्रवासी म्हणून बसला की फार हाल होतात. तुळजापूरच्या पुढं एक म्हातारी उतरली आणि सवयीनं मीच दोरी ओढून डबल बेल दिली. खरा कंडक्टर खाली उभा राहून पार्सल उतरवत होता. गाडी पाऊण किलोमीटर गेल्यावर लोकांच्या लक्षात आलं. तो पोरगा मागून पळत आला आणि मला जे बोलला ते मी लिहीत नाही, त्याच्या जागी मी असतो तर त्याहून वाईट बोललो असतो.

कल्याणप्पांनी जर्मनीचं कौतुक करता करता माझं काम सोपं केलं. तिकडं म्हणे रविवारी सगळी दुकानं बंद असतात, मीठ संपलं तरी सोमवारपर्यंत अळणी खायचं. बस मिनिटाला मिनिट धरून येते, त्यामुळे थांब्यावर कुणाशी ओळख व्हायची सोयच नाही. (मी तुला सांगतो, मला जेवढी माणसं मिळाली ती सगळी उशिरा आलेल्या गाड्यांनी दिली.) कल्याणप्पांना पहाटे साडेपाचला उठून घसा साफ करायची सवय आहे, आणि ती तू ऐकलीस तर तुला कळेल की चाळीस घरं त्यावर उठू शकतात. चौथ्या दिवशी दारावर चिठ्ठी चिकटवलेली. घरातली सगळी घाबरली, पोलीस येणार म्हणून. मुलानं वाचली तर शेजारच्या बाईनं लिहिलं होतं की आजोबांना बरं नाही असं वाटतं, मी सूप करून आणू का. आणि तिनं आणलंही. आता कल्याणप्पा लिंगायत, सुपात कोंबडी. परत द्यावं तर अपमान, प्यावं तर धर्म. ओतून टाकायचं ठरलं, तर तिकडं कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे, आणि सूप कोणत्या रंगात जातं यावर बापलेकांचा अर्धा तास वाद झाला. शेवटी कल्याणप्पांनी ते रुमालाखाली झाकून बागेत नेलं, तर तीच बाई तिथं बाकावर बसलेली. मी विचारलं, मग? ते म्हणाले, "मग काय करतो स्वामी, तिच्याम्होरं बसून पिलो." एवढं सांगून त्यांनी मला शपथ घातली की हे उमरग्यात कुणाला सांगू नका. मस्कतला सांगू नका असं काही ते बोलले नाहीत, म्हणून तुला सांगितलं.

तर जर्मनीच्या खात्यात मी एक वजा आणि एक अधिक, अशा दोन्ही खुणा करून आलो. अधिकची खूण त्या शेजारणीची. मला ती खूण करायची नव्हती.

जपानचं फार लांबलं नाही. एक तर ईट, भूम, परांडा इथून तिकडं दिलेलं एकही माणूस नाही, म्हणजे विचारायचं कुणाला. दुसरं असं की आक्कानं कुठूनतरी ऐकून आणलं की तिथं आठवड्याला जमीन हलते. त्र्याण्णव साली आक्काची नणंद लोहाऱ्याकडं होती, तुला माहीतच आहे ती बाई त्यानंतर वर्षभर छपराखाली झोपली नाही. भूकंपाचं नाव निघालं की आमच्याकडं पुढचं बोलणं होत नाही. प्रतीक्षानं सांगून पाहिलं की तिथली घरं मुद्दाम तशी बांधतात, टेबल हललं तरी लोक चहा पीत बसतात. आक्का म्हणाली, "आसल्या लोकांत मी माझी भाची देत न्हाय." तिथं जपान मिटलं. मला काहीच करावं लागलं नाही.

मग आला जर्मनीच्या मुलाखतीचा दिवस. ही मुलाखत कॉम्प्युटरवर होणार होती, आणि रेंज आमच्या गच्चीच्या एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी मिळते. आता माझा गुन्हा कबूल करतो. गोंधळ झाला की बैठक मोडते, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. म्हणून मी आदल्या दिवशी पारावर सहज बोलून टाकलं की उद्या दीड वाजता प्रतीक्षाला जर्मनीचे पाहुणे बघणार आहेत. दीडला गच्चीवर तेरा माणसं आणि दोन शेळ्या होत्या. आक्का नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आलेली. तुमच्या घरच्या सहा खुर्च्या आणल्या (एकीचा पाय मोडला, तो मी जोडून देतो). आणि पाहुणे म्हटल्यावर कांदेपोहे हवेतच, म्हणून आक्कानं पोह्यांची एक ताटली, वर खोबरं-कोथिंबीर घालून, थेट कॉम्प्युटरच्या पुढ्यात नेऊन ठेवली. पलीकडं पांढऱ्या केसांची एक बाई होती, दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांची मुख्य. प्रतीक्षाचा चेहरा पांढरा पडला होता. मी मागं टाकीला टेकून मनात म्हटलं, मोडलं.

मोडायचं काय, बाईनं पहिला प्रश्नच विचारला की हे ताटलीत काय आहे. तिथून प्रतीक्षाची जीभ सुटली. पोहे कसे भिजवायचे, मोहरी कधी टाकायची, शेंगदाणे आधी का तळून घ्यायचे, हे तिनं सात मिनिटं जर्मनमध्ये सांगितलं, आणि ती बाई लिहून घेत होती. मग तात्या पुढं सरकले. तात्यांना एकच प्रश्न येतो. चाळीस वर्षं मेंढरं घेऊन ते दिवाळीनंतर बालाघाट उतरायचे आणि पार भीमेच्या काठापर्यंत जायचे, नव्या गावात शिरलं की आधी तोच विचारायचे. म्हणाले, "बाईला इचार, तुमच्याकडं पाणी किती दिसाला येतं?" प्रतीक्षानं विचारलं. बाईला कळेना. पुन्हा विचारलं. मग तिनं बराच विचार करून सांगितलं की पाणी कधी आलं नाही, असं तिला आठवत नाही, आणि तुमच्याकडं कसं आहे? आक्कानं पदर सावरत सांगितलं, "आठ दिसाला येतं, पर ग्वाड हाय." हेही प्रतीक्षानं भाषांतर करून सांगितलं. जाताना तात्यांनी निकाल दिला, बाई खोटं बोलणारी नाही.

दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचं पत्र आलं. त्यात खास लिहिलं होतं की एवढ्या नातेवाइकांच्या गर्दीत जी मुलगी शांतपणे काम करते, तीच आमच्या वॉर्डाला हवी आहे. हाफिज, ती गर्दी मी जमवली होती. तिला नोकरी लावली कुणी, तर मी. हे घरात फक्त तुझ्या वहिनीला कळलंय, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली, मला न दाखवता.

उरलं तुझं मस्कत. त्याच्या चौकशीला मी तुझ्याच घरी गेलो. तू हसशील, पण कायदा म्हणजे कायदा, दिलेल्याच्या माहेरी विचारायचं. अम्मी ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. मी विचारलं, मस्कत कसं आहे राहायला? त्या म्हणाल्या, चांगलं आहे, कामाची कदर आहे, झगडा-लफडा नाही, गरमी मात्र जीव घेते. बत्तीस वर्षांत पोरगा अकरा वेळा आला. (ही मोजणी त्यांची आहे. तुझ्याकडं वेगळी असली तर कळव, मी सांगणार नाही.) मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "पर धन्या, तू ह्ये आता इचारतोस व्हय? हाफिज निघाला तवा ह्याच्या अब्बांना सोडायचं न्हवतं. तू हितं बसून त्यांना दोन घंटे समजावलं. चाचा, पोराचं नशीब आडवू नका म्हणलास. तवा पाणी न्हाय इचारलं तू. कायच न्हाय इचारलं."

मी म्हटलं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. त्या म्हणाल्या, "काय येगळी?" इथं मी तीन ओळी लिहून खोडल्यात, त्या तू वाचायचा प्रयत्न करू नकोस. खरं उत्तर असं आहे की त्या दिवशी मला तुझा हेवा वाटत होता, आणि वाटत होतं की तू गेलास की वर्षभरात मलाही बोलावशील. तेवढ्यात मला एस.टी.चा कॉल आला आणि मी बिल्ला लावून भूम-बार्शी करत बसलो. चाचांना काय वाटलं असेल, हे माझ्या मनात त्या दिवशी आलंही नाही. आणि ते गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलास, हे अम्मी बोलल्या नाहीत, मलाच आठवलं. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, "म्या बी रोकलं आसतं तर तो रुकला आसता. मग रोज त्याचं तोंड बघावं लागलं आसतं मला. सुजलेलं."

असो. बाईमाणसांच्या बोलण्यात अडकलं की चौकशीची शिस्त बिघडते. माझा निकाल असा आहे: जर्मनीत रविवारी मीठ मिळत नाही, जपानात जमीन जागेवर राहत नाही, आणि मस्कतला बत्तीस वर्षांत अकराच वेळा घरी सोडतात. तिन्ही स्थळं नापास. ईटला आठ दिवसांनी पाणी येतं हे खरं, पण ते भरायला सगळी माणसं घरी असतात.

तेव्हा तुला एक विनंती आहे. शुक्रवारी तुला सुट्टी असते. प्रतीक्षाला फोन कर. काका म्हणून तिला नीट समजावून सांग की परदेशात माणसाचे कसे हाल होतात. एका खोलीत तुम्ही सहा जण राहायचा ते सांग. पहिल्या ईदला तू खारी बिस्किटं खाऊन झोपलास, आणि ताप आला तेव्हा भिंतीशी मराठी बोलत होतास, ते तर नक्की सांग. माझं ती ऐकेल, पण माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही. तुझ्यावर बसेल. रुकसानावहिनींना, आणि तुझ्या खोलीवर जे कोणी असतील त्यांना माझा नमस्कार.

तुझा लहानपणापासूनचा,
धनाजी

ता.क. – हाल सांगताना समुद्राचं काही बोलू नकोस. ईटच्या माणसापुढं समुद्राचं नाव काढलं की त्याला त्यापुढचं काही ऐकू येत नाही. आणि ते बिस्किटांचं सांगताना मधे हसू नकोस. आम्हाला सांगताना तू हसला होतास.

दुसरा ता.क. – मंगळवार, सकाळ. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल संध्याकाळी प्रतीक्षा माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अण्णा, राहू द्या. तुमचं मन न्हाय. मी त्यांना नको म्हणून कळवते." ना राग, ना रडणं. मला जे हवं होतं ते एवढ्या सरळपणानं मिळालं. तिनं कॉम्प्युटर पुढं ओढला, दोन ओळी लिहिल्या, आणि मला वाचून दाखवायला लागली. जर्मनमध्येच वाचत होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिला ती भाषा किती स्वच्छ येते ते कळलं. वर्षभर ही पोरगी पहाटे चारला उठून भिंतीकडं तोंड करून हेच घोकत होती, आणि तिचं पहिलं खरं पत्र मी नकाराचं लिहून घेत होतो. मी म्हटलं, ते पूस. ती म्हणाली, काय पुसू? मी म्हटलं, सगळं पूस, आणि सही कर. तुझी वहिनी दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसरा ता.क. – रुकसानावहिनी परत येतील तेव्हा त्यांच्याबरोबर एक चाकांची मोठी बॅग पाठव. तिकडच्या मजबूत असतात असं ऐकलंय. लाल रंगाची घे, येताना लांबून ओळखू येईल अशी. आणि शुक्रवारी प्रतीक्षाला फोन करू नकोस, मला कर. मी काही बोलेन असं नाही. तू बोलत राहा.